ईसीएचएस, मेडिक्लेम की दोन्ही? सोलापूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांसाठी उपचारखर्चाचा हिशेब

"फौजेची ईसीएचएस आहे, मेडिक्लेमवर पैसे कशाला घालवायचे?" असं एक जण म्हणतो. (ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठीची सरकारी आरोग्य योजना, मेडिक्लेम म्हणजे खासगी आरोग्य विमा.) दुसऱ्याचं म्हणणं असं, की ईसीएचएसच्या भरवशावर राहिलात तर ऐन वेळी हात चोळत बसाल. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कागदावर पाहिलं तर ईसीएचएसचं संरक्षण बाजारातल्या बहुतेक पॉलिसींपेक्षा मोठं आहे. अडतं ते अंतरावर, वेळेवर आणि पहिला पैसा कोण भरणार यावर. मंगळवेढ्यात किंवा करमाळ्यात राहणाऱ्या माणसाने दुसरं संरक्षण घ्यायचं की नाही, हे ठरवताना याच तीन गोष्टी बघायच्या. पॉलिसीच्या माहितीपत्रकावरचा आकडा नंतर.

ईसीएचएस नेमकं काय देते

ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. त्यानंतर पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला ती बंधनकारक आहे, आणि वर्गणी एकदाच, निवृत्तीच्या पैशांतून कापली जाते. रिक्रूट ते हवालदार या हुद्द्यांना ३०,००० रुपये आणि जनरल वॉर्ड. नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० रुपये आणि सेमी-प्रायव्हेट वॉर्ड. अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये आणि प्रायव्हेट वॉर्ड. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. एवढं भरल्यावर पुढे वार्षिक हप्ता नाही, वयाची अट नाही, जुन्या आजारासाठी प्रतीक्षा नाही आणि वर्षाला अमुक लाखांची मर्यादाही नाही. डायलिसिस, कॅन्सरचे उपचार, बायपास, गुडघ्याचा सांधा बदलणं हे सगळं यात बसतं. शिवाय बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या मिळतात. खासगी पॉलिसी बहुधा दवाखान्यात दाखल झाल्यावरच जागी होते, त्यामुळे हा फरक लहान समजू नका. साठीनंतर दर महिन्याला औषधांवर जाणारा पैसा हा बऱ्याच घरांत सगळ्यात मोठा वैद्यकीय खर्च असतो.

कार्ड फक्त सैनिकाचं नाही. पत्नी, २५ वर्षांपर्यंतचा अविवाहित आणि न कमावणारा मुलगा, लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत मुलगी, आणि वयाची अट न लावता दिव्यांग अपत्य यांना कार्ड मिळतं. आई-वडील सोबत राहत असतील आणि दोघांचं मिळून उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर त्यांनाही मिळतं. आईच्या नावावर शेती असेल किंवा वडिलांना दुसरी पेन्शन असेल, तर हा आकडा आधी जुळवून बघा. चुकीचं प्रतिज्ञापत्र पुढे अंगाशी येतं.

सोलापुरात गाडी कुठे अडते

सोलापुरात ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना आहे. लष्करी रुग्णालय मात्र नाही. वानवडीचं कमांड हॉस्पिटल गाठायचं म्हणजे पुण्यापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यामुळे आपल्याकडे मार्ग असा: पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथल्या डॉक्टरांनी तपासून गरज असेल तर रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी द्यायची, आणि ती घेऊन पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या खासगी हॉस्पिटलमध्ये जायचं. तिथे हक्काच्या वॉर्डात, ठरलेल्या दरात उपचार रोख न भरता होतात. वयोवृद्ध सभासदांना रेफरलशिवाय थेट पॅनेलच्या हॉस्पिटलात दाखवण्याची सवलत आहे. तिची वयाची अट वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून चालू आदेश पॉलिक्लिनिकच्या सूचनाफलकावर बघून घ्या.

हे सगळं सोलापूर शहरात राहणाऱ्याला सोपं आहे. माळशिरस किंवा करमाळ्याहून येणाऱ्याला एका फेरीला शंभराहून अधिक किलोमीटर पडतात, आणि एका तक्रारीसाठी बहुधा एक फेरी पुरत नाही. आज तपासणी, परवा रिपोर्ट, मग रेफरल. गावातून निघण्याआधी तीन गोष्टी फोन करून विचारल्या तर निम्म्या चकरा वाचतात: तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी असतात, आपलं औषध शिल्लक आहे का, आणि ज्या हॉस्पिटलात जायचं आहे ते त्या विभागासाठी पॅनेलवर आहे का. तिसरा प्रश्न सर्वात जास्त विसरला जातो. एखादं हॉस्पिटल डोळ्यांसाठी किंवा हाडांसाठी पॅनेलवर असतं, हृदयासाठी नसतं. दारावर ईसीएचएसचा फलक दिसला म्हणजे सगळं चालतं असं नाही. रेफरलवर मुदतही छापलेली असते. ती संपली की पुन्हा पॉलिक्लिनिक गाठावं लागतं.

औषध शिल्लक नसेल तर चिठ्ठीवर 'एनए' म्हणजे उपलब्ध नसल्याचा शेरा घेतल्याशिवाय बाहेरून खरेदी करू नका. शेरा नसेल तर पावती म्हणजे नुसता कागद. आणि पॅनेलवरचं हॉस्पिटल "वरचे पैसे भरा" म्हणालं तर कशाचे, ते लिहून मागा. तुम्ही स्वतःहून वरच्या वर्गाची खोली मागितली किंवा मान्य किमतीपेक्षा महाग इम्प्लांट निवडलं, तरच फरक तुमच्या खिशातून जायला हवा. हक्काच्या वॉर्डात, मान्य उपचाराला वरची रक्कम घेणं करारात बसत नाही. तक्रार पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे करायची, तिथे नाही मिटली तर पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडे.

हॉस्पिटलांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांची बिलं सरकारकडून यायला वेळ लागतो. थकबाकी साचली की काही हॉस्पिटलं रोकडविरहित सेवा थांबवतात किंवा पॅनेलवरून बाहेर पडतात. गेल्या वर्षी ज्या हॉस्पिटलात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तिथे यंदाही दारं उघडी असतील, हे गृहीत धरता येत नाही.

रात्री दोनचा हृदयविकार

खरी परीक्षा इथे आहे. छातीत दुखायला लागलं आणि जवळचं हॉस्पिटल पॅनेलवर नसेल, तर काय करायचं? तिथेच जायचं. नियमाला हे मान्य आहे. आणीबाणीत कुठल्याही हॉस्पिटलात दाखल होता येतं. पण तिथलं बिल आधी स्वतः भरायचं असतं, आणि परतावा नंतर, सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो. हॉस्पिटलने लावलेल्या दराने नाही.

यात पैसे बुडतात ते बहुधा कागदांमुळे. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवणं आवश्यक आहे, आणि ते लेखी किंवा निदान दाखवता येईल अशा रूपात असू द्या. फोनवर बोलणं झालं एवढ्यावर विसंबू नका. डिस्चार्ज घेताना काउंटरवरून हलण्याआधी डॉक्टरांच्या सहीचं इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, मूळ सविस्तर बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट आणि स्टेंट किंवा इम्प्लांटचं स्टिकर व बिल हातात असायला हवं. इमर्जन्सी सर्टिफिकेट महिन्याभराने मागायला गेलात तर डॉक्टर रजेवर, फाईल रेकॉर्ड रूममध्ये आणि तुम्ही बाकावर. सोबत कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक जोडून दावा पॉलिक्लिनिकमध्ये लगेच द्यायचा.

पॅनेलवरच्या हॉस्पिटलात आणीबाणीने दाखल झालात तर हे काम हॉस्पिटलच ऑनलाईन करतं. मात्र त्यासाठी दाखल होतानाच "ईसीएचएसचं कार्ड आहे" असं सांगून कार्ड द्यावं लागतं. कार्ड गावातल्या कपाटात राहिलं आणि रुग्ण सोलापुरात रोखीने दाखल झाला, असं बऱ्याचदा होतं. प्रत्येकाचं कार्ड त्याच्या पाकिटात असावं, आणि फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये.

आता फरकाचा आकडा किती? सीजीएचएसचे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून बरेच सुधारले. केंद्राच्या शहरवारीत पुणे 'एक्स' वर्गात आणि सोलापूर 'वाय' वर्गात येतं, आणि 'वाय' शहरांचा दर 'एक्स'पेक्षा १० टक्के कमी धरला आहे. समजा, पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलचं बिल २,८०,००० झालं आणि मान्य दराने १,७०,००० मंजूर झाले. १,१०,००० तुमचे गेले, आणि बाकीचे १,७०,००० परत येईपर्यंत काही महिने अडकले. म्हणजे प्रश्न दोन झाले: २,८०,००० आज रात्री उभे कसे करायचे, आणि १,१०,००० कायमचे गेले तर चालतील का? मेडिक्लेम घ्यायचा की नाही हे ठरवायला हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

मेडिक्लेम: वय बघून ठरवा

चाळिशीत घरी आलेल्या, निरोगी माणसाला उत्तर सोपं आहे. नवरा-बायकोची ५ लाखांची साधी फ्लोटर (दोघांत मिळून एकच रक्कम असलेली) पॉलिसी आत्ताच घ्या. हप्ता या वयात परवडतो, आणि आजार जडण्याआधी प्रतीक्षाकाळ संपून जातो. व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा भारही कमी.

साठीच्या पुढे, शुगर-बीपी असताना पहिल्यांदा पॉलिसी घेणाऱ्याचं गणित वेगळं आहे. आता वयाचं कारण देऊन कंपन्यांनी दारं बंद करायची नाहीत, असा विमा नियामकाचा कल आहे, पण हप्ता जबर असतो, वर २० टक्क्यांसारखा को-पे, म्हणजे बिलातला स्वतः भरायचा वाटा असतो. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल यांना बहुधा २ वर्षं. म्हणजे सर्वात जास्त हप्ता भरण्याची वर्षं आणि सर्वात कमी उपयोगाची वर्षं एकच होतात. अशा घराने तोच हप्त्याचा पैसा पोस्टात किंवा बँकेत 'दवाखाना' म्हणून वेगळा साठवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन-अडीच लाखांची अशी ठेव ईसीएचएसच्या जोडीला असली, तर वरच्या रात्रीचा पहिला प्रश्न बराचसा सुटतो. ईसीएचएस नसलेल्या माणसाला हा सल्ला लागू नाही, हे लक्षात असू द्या.

पॉलिसी घेतलीच तर या जागा नीट वाचा. खोलीभाड्याची मर्यादा ही सर्वात फसवी. ५ लाखांच्या पॉलिसीत १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० ची खोली मान्य असेल आणि तुम्ही ८,००० ची घेतली, तर कपात फक्त ३,००० ची होत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही कापून आठ रुपयांमागे पाचच रुपये मिळतात. दुसरी जागा झोनची. काही पॉलिसींत सोलापूरचा पत्ता देऊन स्वस्त हप्ता मिळतो, आणि पुण्या-मुंबईत उपचार घेतले की ठरावीक टक्के खिशातून जातात. आपल्याकडचा गंभीर रुग्ण शेवटी पुण्यालाच हलवला जातो, हे बघता हा हप्ता स्वस्त नाहीच.

फौजींच्या बाबतीत आणखी एक फास आहे. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदांत बीपी, शुगर, कमी ऐकू येणं अशी नोंद असते. कित्येकांना त्यावर अपंगत्व पेन्शनही मिळते. एजंट घाईत फॉर्म भरताना "काही आजार नाही ना?" विचारून पुढे जातो. पुढे दाव्याच्या वेळी कंपनीला पेन्शनच्या कागदांत ती नोंद दिसली, की माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला जातो. फॉर्म स्वतः वाचा, बोर्डातली नोंद जशीच्या तशी लिहा. सलग ५ वर्षं पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, पण ती ५ वर्षं आधी पार पडावी लागतात.

सुपर टॉप-अप स्वस्त दिसतो. ५ लाखांच्या वरचा खर्च तो देतो, खालचे ५ लाख कुठून येणार ते तो विचारत नाही. हाताशी तेवढी ठेव किंवा मूळ पॉलिसी असेल तरच त्याला अर्थ.

दोन्ही असतील तर एकाच रुपयाचा परतावा दोनदा मिळत नाही. मूळ बिलं एकाच ठिकाणी जातात. म्हणून दाखल झाल्यावर पहिल्या दोन दिवसांतच ठरवा की आधी कोणाकडे जायचं, पॉलिक्लिनिकलाही पॉलिसीची कल्पना द्या, आणि विमा कंपनीकडे मूळ कागद देणार असाल तर साक्षांकित प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र मागून ठेवा. पॅनेलवर नसलेल्या, पण विमा कंपनीच्या यादीतल्या जवळच्या हॉस्पिटलात मेडिक्लेम वापरायचा, आणि लांबणाऱ्या, वर्षानुवर्षांच्या आजाराला ईसीएचएस ठेवायची, ही वाटणी सर्वांत सोयीची.

मुलाच्या कंपनीची पॉलिसी

पुण्याला हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलाच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांची नावं घालता येतात का, हे आधी विचारा. अशा पॉलिसीत बहुधा जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, म्हणजे साठीनंतरच्या फौजीला हीच सर्वात स्वस्त जोड. तिचं आयुष्य मात्र मुलाच्या नोकरीइतकंच. नोकरी बदलली की नव्या कंपनीत नावं घातली का, ते तुम्हीच आठवण करून द्या.

बँकेत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून दुसरी नोकरी करणाऱ्यांचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा योजना) कापली जाते: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. बरेच जण "मला ईसीएचएस आहे" म्हणून ईएसआयचं कार्ड काढतच नाहीत. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजारपणात रजा पडली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रोख भरपाई मिळते. बुडालेला पगार ईसीएचएस देत नाही.

सत्तरीचं आयुष्मान कार्ड: थांबा, मग काढा

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. गावात शिबिर लागतं, सगळे रांगेत उभे राहतात, फौजीही उभा राहतो. पण ईसीएचएसच्या सभासदाला इथे दोन्ही नाही, एकच निवडता येतं: ईसीएचएस किंवा आयुष्मान. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय असलेल्याला ही अट नाही. आयुष्मानमध्ये दाखल झाल्यावरचे उपचार आहेत, बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या नाहीत, आणि ५ लाखांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे ईसीएचएस सोडून ते घेणं जवळपास कोणाच्याच फायद्याचं नाही. शेजारी "फुकट आहे" म्हणाला म्हणून अंगठा लावू नका.

२००३ च्या आधी निवृत्त झालेल्या काही जणांनी ईसीएचएस न घेता पेन्शनसोबत दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता चालू ठेवला आहे. वर्षाचे १२,००० झाले. ईसीएचएस घेतली की भत्ता बंद होतो. ज्याच्या घरात शुगर-बीपीचे दोन रुग्ण आहेत, त्याचे १२,००० गोळ्यांतच संपतात, आणि एका मोठ्या ऑपरेशनपुढे हा भत्ता काहीच नाही. अजूनही सभासद होता येतं, आणि १९९६ च्या आधीच्यांना तर वर्गणीही नाही.

नावं जुळली का?

अर्ज अडकण्याचं मोठं कारण वैद्यकीय नाही, नावाचं आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी. कार्डाचा अर्ज ऑनलाईन भरताना पीपीओ (पेन्शनचा आदेश), स्पर्श (संरक्षण खात्याचं पेन्शन पोर्टल), डिस्चार्ज बुक आणि आधार यांतलं नाव जुळलं नाही की अर्ज परत. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते: मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पाठवता येतात. वेळ लागतो, म्हणून आजारपण येण्याआधी हे काम उरका.

अग्निवीरांचा हिशेब पूर्ण वेगळा. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. त्याने बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवानिधीतून पहिल्या महिन्यातच स्वतःची आरोग्य पॉलिसी घ्यावी. पंचविशीच्या आतल्या माणसाला ती अगदी कमी हप्त्यात मिळते.

सैनिक गेल्यावर पत्नीचं सभासदत्व संपत नाही, नवी वर्गणीही लागत नाही. मृत्यूचा दाखला देऊन कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं, त्याच्या पीपीओवर तिच्या नावाने कार्डाचा नवा अर्ज भरायचा, आणि पतीचं कार्ड पॉलिक्लिनिकमध्ये जमा करायचं. या तीन कामांतलं पहिलं रखडलं की पुढची दोन्ही रखडतात, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बँक आणि स्पर्श, दोन्हीकडे एकाच आठवड्यात कळवा.